थ्री नॉट थ्रीची पेटी

माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटात झालं, त्यामुळे मॅगझीनच्या मराठी विभागात लिहिताना हात जरा थरथरतोय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने खुशाल दुरुस्त कराव्यात, मत मात्र तसंच ठेवावं ही विनंती! कारण हे मत आपल्याच ग्रंथालयाच्या दाराशी ठेवलेल्या एका लाकडी पेटीबद्दल आहे.

मेसकडे जाता-येता ती पेटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. काळपट फळ्या, दोन्ही टोकांना दोराच्या मुठी, झाकणावर काळ्या रंगात छापलेली इंग्रजी अक्षरं. शेजारी सुबक कार्ड : 'दुसऱ्या महायुद्धातील रायफल वाहतुकीची मूळ पेटी, १९४३.'

मित्रांनो, ती पेटी १९४३ ची नाही. ती गेल्या डिसेंबरातली आहे. पाचोऱ्याला आमच्या घरामागच्या गल्लीत ती बनली, आणि ती बनवून घेणारी मुलगी मीच. तेव्हा या लेखात कुणावर चिखलफेक नाही, झालीच तर ती माझ्यावरच आहे.

झालं असं, की २६ जानेवारीला आमच्या एनसीसीचं छोटं प्रदर्शन होतं. बटालियनकडून दोन डीपी रायफली मिळणार होत्या. डीपी म्हणजे ड्रिलपुरत्या, ज्यातून गोळी सुटूच शकत नाही अशा केलेल्या. रायफल तीच, आपली जुनी .३०३, जिला सगळा देश 'थ्री नॉट थ्री' म्हणतो. नुसत्या टेबलावर दोन रायफली ठेवल्या तर प्रदर्शन ओकंबोकं दिसेल, एखादी जुनी ओरिजिनल पेटी मिळाली तर शोभा येईल, असं ठरलं. "तू खान्देशातली ना? वरणगाव, भुसावळ तुमच्याकडेच. तू आण पेटी," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मला तर मजाच वाटली! दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचंच होतं.

इथे थोडं आमच्या भागाबद्दल सांगायला हवं. भुसावळजवळचा वरणगावचा आयुध कारखाना १९६४ चा, तिथे रायफलींची काडतुसं बनतात. ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण भुसावळचा आयुध कारखाना त्याहून जुना, १९४९ चा, आणि दारूगोळा ज्यात भरून पाठवतात त्या पेट्या, डबे, ड्रम बनवणं हेच त्याचं मूळ काम. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. म्हणजे आतला माल एका कंपनीचा आणि खोकं दुसऱ्या कंपनीचं! असो. मला म्हणायचंय ते इतकंच, की काडतुसाचा अभिमान सगळ्यांना असतो, पेटीची आठवण कुणालाच नसते. आपल्या मेकॅनिकलच्या सिलॅबसात तरी पॅकेजिंगवर किती तास आहेत? काडतूस कितीही उत्तम असो, ओलं झालं तर काय उपयोग? रायफलीचंही तेच. बोटीतून, मालगाडीतून, खेचराच्या पाठीवरून जाताना तिची नळी गंजू नये, साईट वाकू नये, ही सगळी जबाबदारी त्या मुक्या फळ्यांची.

पहिली पेटी मला घरातच सापडली. आमच्या माळ्यावर आजोबांच्या काळापासून एक हिरवट लाकडी पेटी आहे, आजी तिच्यात गोधड्या ठेवते. लहानपणी आम्ही तिला 'मिलिटरीची पेटी' म्हणायचो. मी उड्या मारत बाबांना सांगितलं, मिळाली! बाबा म्हणाले, "बेटा, आधी टेप लाव." टेप लावली. .३०३ रायफल, म्हणजे नंबर १ मार्क ३, साडेचव्वेचाळीस इंच लांब असते, सुमारे ११३ सेंटिमीटर. आमची पेटी आतून एक मीटरसुद्धा नव्हती. दारूगोळ्याची असेल, औजारांची असेल, रायफलीची नक्की नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून आधी माप घ्यायचं सुचलं नाही, याची लाज वाटली.

मग बाबांच्या मोटारसायकलवर बसून दोन दिवस भंगारवाल्यांकडे फिरले. जळगाव झालं, भुसावळ झालं. लोखंडाच्या पेट्या ढिगाने दिसल्या, लाकडाची एकही नाही. एका भंगारवाल्या काकांनी समजावलं, की लाकडी खोकं कुणी ठेवत नाही. कुणी त्याची कोंबड्यांची खुराडी करतं, कुणी तुळशीभोवती कुंपण, उरलेलं बंबात जातं. सरकारी लिलावातून माल उचलला तरी लोखंडाचा भाव वेगळा, लाकूड वजनात फुकट धरतात. चूल काय, तिला १९४३ आणि २००३ सारखंच!

शेवटी एकाकडून फोनवर फोटो आले. दुसऱ्या शहरातला विक्रेता, नाव घेत नाही. 'ओरिजिनल वर्ल्ड वॉर', किंमत आमच्या प्रदर्शनाच्या अख्ख्या बजेटच्या तिप्पट. फोटो मोठा करून बघितला तर बिजागरीचे स्क्रू चांदणीसारख्या खाचेचे, चकचकीत, आणि तळाला प्लायवूड. बाबा हसून म्हणाले, "एवढे पैसे देऊन नवीनच घ्यायची, तर आपल्या गल्लीत काय वाईट आहे?"

अशी आमची पेटी बनायला घेतली. आमच्या सुतारकाकांबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकेन, पण संपादक कापतील. मी त्यांना सांगितलं, सागवान वापरा. ते इतके हसले की रंधा खाली ठेवावा लागला. पाठवायच्या पेटीला सागवान कोण वापरतं? माल पोचला की पेटीचं काम संपलं. हलकं, स्वस्त, खिळा मारल्यावर न फाटणारं लाकूड हवं. वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या, दोन हजार तीनशे रुपयांच्या. ओल्या होत्या म्हणून पंधरा दिवस सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. नाहीतर झाकण पापडासारखं वाकलं असतं.

रचना मला वाटली होती त्यापेक्षा खूप हुशारीची असते. रायफलीचा दस्ता जाड, नळीचं टोक बारीक. म्हणून एक रायफल सुलटी आणि दुसरी उलटी ठेवली की पेटीची रुंदी वाचते. आत दोन आडव्या फळ्यांना खाचा पाडून त्यात रायफल बसते, आणि झाकणाच्या आतल्या पट्टीने वरून दाबली जाते. म्हणजे पेटी आपटली तरी रायफल हलत नाही. दोराची मूठ नुसती फळीला भोक पाडून बांधली, तर भाराने फळीच चिरते. म्हणून बाहेरून जाड ठोकळा लावायचा, दोर त्यातून घ्यायचा आणि भार ठोकळ्यावर टाकायचा. एक रायफल साधारण चार किलोची. दहा रायफलींची पेटी म्हटली की चाळीस किलो नुसत्या रायफलीच, वर पेटीचं वजन. दोघांनी उचलायची ती दोन दोरांवर! आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिअरची गणितं करतो, ती सुतारकाकांनी पेन्सिल कानामागे ठेवून केली. पटाशी, गुण्या, कुसू हे शब्द मला वयाच्या विसाव्या वर्षी कळले. शाळेत मराठीच्या तासाला कुणी शिकवले नव्हते, आणि वर्कशॉपच्या जर्नलमध्ये आम्ही सगळं इंग्रजीत लिहितो.

आणखी एक गोष्ट कळली. लाकडातून, विशेषतः ताज्या लाकडातून, सूक्ष्म प्रमाणात आम्ल वाफेच्या रूपाने बाहेर पडत असतं, आणि बंद पेटीत ते लोखंडाला गंजवतं. म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेल्या रायफली नुसत्या पेटीत टाकत नसत, त्यांना ग्रीसचा जाड लेप देऊन गुंडाळत. समुद्रमार्गे जाणाऱ्या काही पेट्यांना आतून पत्र्याचं अस्तर असायचं. पेटी जिला जपते तिलाच हळूहळू खाते, म्हणून मध्ये ग्रीस!

इथपर्यंत सगळं छान होतं. पेटी पांढरीशुभ्र, नव्या लाकडाचा वास येणारी, अशी घेऊन मी हॉस्टेलला आले. खरी गडबड इथून पुढे.

"ही तर केळीची क्रेट वाटते," ग्रुपमधला एकजण म्हणाला. मग आम्ही तिला म्हातारी करायला घेतलं. केमिस्ट्री कामाला आली, त्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं! आधी कडक काळ्या चहाचे दोन हात, म्हणजे लाकडात टॅनिन जातं. मग गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं पाणी. लोह आणि टॅनिन भेटले की लाकूड डोळ्यांदेखत राखाडी-काळं पडतं. वरून गॅरेजचं जळकं ऑइल. सायकलच्या साखळीने झाकण बदडलं. जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरं कापून स्टेन्सिल केला आणि छापलं : रायफल नंबर ४, इशापूर, १९४३. त्याखाली सरकारी मालमत्तेचा बाण. रात्री दोन वाजता रेक्टर सरांनी व्हिनेगरच्या वासाने दार ठोठावलं, तेव्हा त्यांनाही ती जुनी वाटली. आम्ही टाळ्या दिल्या-घेतल्या.

निघताना सुतारकाकांनी मला एक वाक्य सांगितलं होतं. मी सहज म्हणून गेले होते, की काका, आम्ही हिच्यावर १९४३ लिहिणार. ते अहिराणीत म्हणाले, "तारीख मातर आजनी लिखजो, पोरी." मला वाटलं, म्हातारा माणूस, असंच काहीतरी बोलतोय.

प्रदर्शनाच्या दिवशी साधारण ऐंशीचे एक आजोबा आले, नातवाचा हात धरून. छातीवर पदकं होती. रायफलींसमोर थांबले, मग पेटीसमोर. खाली वाकून त्यांनी दोराची मूठ हातात घेतली आणि नातवाला सांगायला लागले, की रिक्रूट असताना अशा पेट्या आम्ही ट्रकमधून उतरवल्या आहेत, दोघंदोघं मिळून. बोटं कशी सोलून निघायची ते सांगितलं. मग झाकणावरची तारीख वाचली, त्यावर तळहात ठेवला आणि तो हात कपाळाला लावला. मला विचारलं, "बेटा, कुठून मिळाली?"

मी म्हणाले, "भुसावळहून, आजोबा."

दोर भुसावळचा होता. तेवढंच खरं.

ते गेल्यावर माझ्या मैत्रिणींनी मला खूप समजावलं. तू त्यांना आनंद दिलास. नाटकातल्या भीमाच्या गदेला कुणी खोटी म्हणतं का? सिनेमात तलवारी थर्माकोलच्या असतात. मुद्दा बिनतोड वाटतो. पण नाटकाला आलेल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं, त्याला ठाऊक असतं की हे नाटक आहे. आजोबांनी तिकीट काढलं नव्हतं. त्यांनी स्वतःची एक खरी आठवण माझ्या तीन दिवसांच्या चहाच्या डागावर ठेवली. ती परत कशी करायची, मला माहीत नाही. मी त्यांचा पत्ताही घेतला नाही.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती इंजिनिअर म्हणून जास्त झोंबली. सबमिशन संपल्यावर मी या रायफलीबद्दल वाचायला बसले. इशापूर हे पश्चिम बंगालमध्ये, हुगळीकाठी. तिथल्या कारखान्यात नंबर १ मार्क ३ बनायची, दुसऱ्या महायुद्धातही तीच. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफल तिथे काढली, तिचं नाव २ए. नंबर ४ ही रायफल ब्रिटनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत बनली. इशापूरला ती बनतच नव्हती! म्हणजे 'नंबर ४, इशापूर, १९४३' असं खरं काही जगात असूच शकत नाही. आम्ही नेटवरून एका पेटीवरची अक्षरं घेतली, दुसऱ्या ठिकाणाहून गावाचं नाव घेतलं आणि जोडलं. शेकडो लोक बघून गेले. प्राध्यापक बघून गेले. आता ती ग्रंथालयाच्या दारात आहे, म्हणजे पुढच्या वर्षी एखादा ज्युनिअर सेमिनारच्या रिपोर्टमध्ये तिचा फोटो टाकेल आणि खाली लिहील, 'इशापूर येथे नंबर ४ रायफलींचे उत्पादन होत असे'. पुरावा? कॉलेजमधली मूळ पेटी!

परदेशातल्या संग्राहकांमध्ये हा प्रश्न फार जुना आहे असं दिसतं. महायुद्धात नंबर ४ मधल्या निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने दुर्बीण बसवून नेमबाजांसाठी तयार केल्या. त्या प्रत्येक रायफलीला स्वतःची स्वतंत्र लाकडी पेटी असायची. रायफल, दुर्बीण आणि पेटी यांचे नंबर जुळले तर संग्राहक जास्त मोल देतात. अशा ठिकाणी नव्या पेटीवर जुना नंबर टाकायचा मोह होणारच. पण तिथेच असेही लोक आहेत, जे उघडपणे नव्या पेट्या बनवतात आणि नव्या म्हणूनच विकतात. मापं तीच, लाकूड तसंच, पण 'ही आम्ही बनवली' असं सांगून. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. मला वाटतं, आपणही सुतारकाकांचं काम असंच दाखवायला हवं होतं. पेटी पांढरी असताना ती जास्त सुंदर होती. तिच्याकडे बघून कुणीही विचारलं असतं, की हा ठोकळा का, ही खाच कशाला. काळी केल्यावर लोक फक्त तारीख वाचतात.

आणि आपल्याकडे पेटीला एक वेगळंच महत्त्व आहे. आपल्या शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या, .३०३ ही सामान्य माणसासाठी निषिद्ध बोअर आहे. साध्या परवान्यावर ती घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण रिकामी लाकडी पेटी म्हणजे शस्त्र नव्हे. ती कुठून आली याचा कागद नीट असला, तर कुणीही ठेवू शकतं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. एकेक ठिकाणची रायफल अशी जाणार, वितळवली जाणार. तिच्या प्रवासातली एखादी वस्तू आपल्यासारख्यांना हाताळायला मिळणार असेल तर ती पेटीच. म्हणून खरी सापडली तर ती चुलीत जाता कामा नये, आणि सापडली नाही तर जी बनवू तिने खऱ्याची जागा बळकावू नये. आज ग्रंथालयाच्या दारात खोटी पेटी आहे, म्हणून खरी शोधायला कुणी जाणारच नाही. आपल्याकडे आहे की ओरिजिनल! माझ्या मते हे सगळ्यात मोठं नुकसान आहे.

मी हे कार्ड बदलण्याबद्दल दोनदा विचारलं. "पाहुणे आले की बरं दिसतं, राहू दे," असं उत्तर मिळालं. मला त्यांचाही राग नाही, कारण ती मूळ आहे असं त्यांना आम्हीच सांगितलं होतं. पण आता हे छापून येतंय म्हटल्यावर 'माहीत नव्हतं' असं आपल्यापैकी कुणालाच म्हणता येणार नाही. काही मित्रांना वाटतं की मी ग्रुपचं नाव घालवते आहे. शक्य आहे. माझं नाव खाली आहेच.

नव्या कार्डाचा मजकूर मी लिहून ग्रंथालयात देऊन ठेवला आहे. 'रायफल वाहतुकीच्या पेटीची प्रतिकृती. दोन रायफलींसाठी, आमच्या मापाने. लाकूड आंब्याचं. पाचोरा इथे डिसेंबरात बनवली. झाकणावरचा मजकूर चुकीचा आहे, तो विद्यार्थ्यांनी छापला.' शेवटचं वाक्य काढून टाक, असं दोघांनी सुचवलं. मी ठेवलं आहे.

सुतारकाकांना फोन केला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पटाशीने तारीख आणि स्वतःचं नाव कोरायला ते पुढच्या रविवारी येतो म्हणाले. बसचं भाडं मी देते म्हटलं तर रागावले. मेसमधल्या गेस्ट ताटाचं कूपन मात्र मी आधीच घेऊन ठेवलंय. त्या दिवशी फिस्ट आहे.